कोळणीने पाहिलेली वेणी

अर्नाळ्याची एक कोळीण रोज आमच्या माणिकपूरच्या बिल्डिंगमध्ये मासे घेऊन यायची. तिचं नाव मी कधी विचारलंच नाही. एकदा मी हौसेने कंडिशनर आणलं आणि तेलासारखं टाळूवर जिरवून, न धुताच वेणी घातली. माझं चिकट डोकं बघून तिने काय लावलंय ते विचारलं, आणि ऐकून दारातच हसत सुटली.

“बाय, केस धुतल्यावर नुसतं टोकांना लावाचं, नि दोन मिन्टांनी पान्याने धुवाचं!”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

तिने अंबाडा सोडला. कमरेपर्यंत काळेभोर, मऊ केस!

“म्हावरा विकते बाय, हौस नाय विकली.”

मासे ताजे आहेत ना, हे मी रोज त्यांचे कल्ले उघडून बघायचे. दुसऱ्या दिवशी मी तिने सांगितलं तसे केस धुतले, तेव्हा पदराला हात पुसून तिने तशीच माझी वेणी उचलून पाहिली.

“ताजी हाय,” म्हणाली.