दसऱ्याचा रंग आणि अर्थिंगचा बुश

लाखनीजवळच्या एका राइस मिलमध्ये माझी माय कोंडा झाडायला जायची. पाय उघडे, जमीन ओली, आणि वाकून उठताना आधाराला मोटारीकडे जाणारा लोखंडी पाइप. मोटारीच्या तारा त्याच पाइपातून गेलेल्या. एकदा घरी येऊन म्हणाली, "पाइपाले हात लावला की मुंग्या येते वं. सांगतलं तं सारे हासतेत मले." मला काही हसू आलं नाही. मी नुकतीच आयटीआयमधून वायरमन होऊन निघाले होते, माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिलवर गेले. दसरा होऊन आठ दिवस झाले होते. दसऱ्याला यंत्रांची पूजा, आणि पूजेआधी सगळं रंगवायचं, हा तिथला रिवाज. मोटार निळी, पाइप निळा, मेन स्विचचा लोखंडी डबासुद्धा निळा. अन् काम इतकं हौशीचं की दर वर्षी पाइप डब्यातून सोडवायचे, रंगवायचे आणि ओल्या रंगावरच परत कसायचे! त्यात डब्याचं भोक मोठं, पाइप बारीक, म्हणून वायसरवर वायसर चढवलेले, त्यांनाही रंग. डब्याला अर्थिंग होतं, पण पाइप डब्याला नुसता चिकटून उभा होता. मधल्या रंगामुळे लोखंडाला लोखंड कुठं लागतच नव्हतं.

"काका, इथं अर्थिंगचा बुश पाह्यजे, पाइपाच्या तोंडावर कसायचं कडं," मी मालकांना म्हटलं.

"कायले? इतके वर्सं झाले, कोणी मेलं का?"

"मंग मेल्यावर लावता का?"

तोंडातून निघून गेलं. मालक लाल झाले. "आत्ता पूजा झाली. माह्या मशिनीचा रंग खरवडू नको!" माय मागून माझी ओढणी ओढत होती, तिला काम जायची भीती. मी म्हटलं, बरं, नखाएवढाच खरवडते. सगळ्यांना पाइपापासून लांब उभं केलं. डब्यावर आणि पाइपावर थोडा रंग खरवडला. टेस्ट लॅम्पची एक तार फेजला, म्हणजे करंटच्या तारेला, दुसरी डब्याला लावली. दिवा लख्ख! तीच दुसरी तार पाइपाला लावली. दिवा काळाच.

"पाहा काका. डब्यात आलेला करंट जमिनीत जाते. पाइपात आला तं माह्या मायच्या अंगातून जाईन."

 मालक म्हणाले, "लाव बाप्पा, लाव."

मेन बंद केला. पाइपाच्या तोंडाचा रंग साफ घासून काढला, त्यावर स्क्रूवाला बुश कसला आणि त्या स्क्रूपासून डब्याच्या अर्थच्या बोल्टापर्यंत तांब्याची तार ओढली. मेन चालू करून पुन्हा लॅम्प लावला. दिवा लख्ख पेटला, तेव्हा मी अशी ओरडले की बाहेर धान उतरवणारे हमाल आत पाहायला आले.

नवीन धान आलं, मिल दणदणत होती. एका दुपारी मायला जेवणाचा डबा देऊन मी निघतच होते, तर फट्‌ आवाज आला आणि मिल थांबली. ब्रेकर पडला होता. मोटारीजवळ उंदरानं तार कुरतडलेली, उघडं तांबं पाइपाला टेकलेलं, आणि करंट बुशातून थेट जमिनीत गेलेला. माय पाइपाजवळच होती, हात पाइपावर.

"माय!" मी तिच्याकडे धावले.

"काय झालं वं? जरासं चटकलं, बस. काहून रडून राहिली?"

रडत होतेच, आणि हसतही होते. मालकांनी धावत जाऊन मेन बंद केला.

पुढच्या दसऱ्याला पेंटर ब्रश घेऊन डब्याकडे वळला, तर माय त्याच्यासमोर आडवी उभी राहिली. "याले रंग नाही लागत. हा माह्या पोरीनं लावला आहे." मालकांनी हळदीकुंकवाचं ताट उचललं आणि मोटारीआधी त्या बुशाला बोट लावलं.