पोळ्याचं पुरण गब्रूला बाधलं तेव्हा

माझं तोंड फटकळ हाय, हे सगळ्या सिरसाळ्याला ठावं हाय. किराणा दुकानात बसून बसून ते तसं झालं, असं आमचे हे म्हणतेत. म्हणू द्या. पण भामाक्कापुढं हे तोंड कधी चाललं न्हाई. बोलायला उघडलं की ती त्यात घास कोंबायची!

भामाबाई आमच्या दूध संस्थेची जुनी सभासद. दारात एक म्हैस, लेक अंबाजोगाईला नर्स, नवरा कधीच वारलेला. कोणी रडत आलं की बाई आधी पिठलं-भाकर वाढणार, मग विचारणार, "कावून रडायलीस?" माझं पहिलं बाळ गेलं तेव्हा मी कोणाशीच बोलत नव्हते. ही रोज यायची, मला भरवायची, ताट घासून ठेवायची आन मुकाट निघून जायची.

त्या दुष्काळात संस्थेनं माळावर चारा छावणी टाकली. आमच्या दोन गाई घेऊन मी गेले. भामाक्कानं म्हशीशेजारी चूल मांडली. तिच्यासंगट आला गब्रू, तिचा तांबडा कुत्रा.

आता आमच्याकडं भाकरीचा पहिला तुकडा कुत्र्याला टाकायची रीत. गावात गल्लीगल्लीला कुत्री, तिथं ते खपून जातं. छावणीत चुली ढीगभर, आन कुत्रं एकच! समद्या बाया आपलं पुण्य त्या एकट्याच्या पोटात भरायल्या. माणसं वाळली, जनावरं वाळली, आन हा गडी फुगत चालला.

पोळ्याला तर कहर झाला. बैलं दावणीला हायेत म्हटल्यावर सण चुकवायचा कसा? टँकरच्या पाण्यावर का होईना, चुलीचुलीवर पुरण शिजलं. रीतीपरमाणं पहिला घास गब्रूचा. सणाचा म्हणून घास कसला, अख्खी पोळी, वर तुपाची धार! सांजेला तो गाईपुढचा हिरवा चारा चघळायला लागला, तर आमी हसलो. "चारा छावणीत आल्याचं सार्थक केलं बघा," मीच म्हणले.

सकाळी गब्रू गव्हाणीखाली पडलेला. शेपूट हलेना. पोटात गुडगुड चाललेली. पिवळं पिवळं ओकला, मग ढाळ लागली.

"पोट रिकामं झालं लेकराचं," म्हणत भामाक्कानं दूध पाजलं. ते उलटून पडलं. तिनं पुन्हा पाजलं. दुधाच्याच संस्थेची छावणी ती! शेजारच्या दावणीच्या ज्ञानोबानं तांब्या आणला, पल्याडच्या चुलीवरच्या जाईबाईनं वाटी. तो जेवढं ओकायचा, तेवढं ही माणसं मायेनं आत घालायची. दुपारपतुर गब्रूला मान उचलवेना.

तेवढ्यात जनावरं तपासायला डॉक्टरीणबाई शिवकन्या आल्या. त्यांनी गब्रूचा ओठ उचलून हिरडीला बोट लावलं. हिरडी कोरडी, चिकट. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती लवकर खाली बसेना.

"अंगातलं पाणी गेलंय याच्या. काय काय खाल्लं?"

मी म्हणले, "काय न्हाई खाल्लं ते विचारा, बाई!"

त्यांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आन बजावलं, "संध्याकाळपर्यंत काहीही खाऊ घालायचं नाही. पाणी मात्र घोट घोट, थोड्या थोड्या वेळानं. उलटी थांबली तर मऊ भाताची थोडीशी पेज. दूध, तूप, गोड अजिबात नको. रक्त पडलं किंवा पाणीसुद्धा पोटात टिकेना, तर तडक परळीच्या दवाखान्यात घेऊन या."

"खायालाच न्हाई द्यायचं?" भामाक्काचा आवाज चिरकला. "मग त्यो जगायचा कसा?"

आक्काला जन्मभर एकच औषध ठावं होतं, खाऊ घालायचं, आन तेच आता बंद. मला तिची लई कीव आली. पण बाई खमकी! गब्रूच्या उशाला काठी घेऊन बसली. छावणीतला आश्रुबा चोरपावलानं आला, "आक्का, एवढुसाच तुकडा…"

"खबरदार! तंगडी मोडीन!"

चमच्यानं पाणी पाजायची आन पदरानं डोळे पुसायची. "महानंदे, माझ्याकडं बघायलाय गं त्यो. मागायलाय."

"मागू दे," मी म्हणले. आन तोंड फिरवून गाईंपुढची वैरण सारखी करत बसले.

दिवस कलला. उलटी थांबली होती. भामाक्कानं बोटावर पेज घेऊन पुढं धरली. गब्रूनं हुंगली, चाटली. मग शेपूट एकदा जमिनीवर आपटलं. "हाललं! हाललं!" आश्रुबा असा वरडला की बैलं बिथरली. माणसं हसायली, भामाक्का रडायली.

तेव्हा माझं ध्यान तिच्या चुलीकडं गेलं. चूल थंडगार.

"आक्का, तू काय खाल्लंस सकाळपून?"

"त्यो उपाशी, आन मी जेवू व्हय?"

असा राग आला म्हणून सांगू! साऱ्या गावाला जेवू घालणारी ही बाई, आन तिला "जेव" म्हणणारं एक माणूस न्हाई. मी तरातरा गेले, गरम पिठलं-भाकर आणली आन तिच्या मांडीवर ताट आदळलं. "मुकाट्यानं खा!"

ती माझ्याकडं बघतच राहिली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आन सवयीनं गब्रूपुढं केला.

"न्हाई!" सारी छावणी वरडली.

मी तिचा हात धरला आन तो पहिला तुकडा तिच्याच तोंडात कोंबला.