रोज सायंकाळी सात वाजता कुटुंबसभा

कोरोनातले आमच्या घरचे किस्से मी कोणाला सांगत नव्हते. पण योगाच्या क्लासला एकीने तिच्या नवऱ्याचा एक सांगितला आणि माझं तोंड सुटलं. आता एक सांगायला घेतला की मागचे तीन आठवतात.

सदाशिव पेठेत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यात मी, नवरा श्रीकांत, पाचवीतली मुक्ता आणि माझे सासरे नाना, निवृत्त मुख्याध्यापक. चौघंही चोवीस तास घरात.

मुक्ताच्या शाळेतून सूचना आली. संकटात कुटुंब खंबीर राहावं म्हणून रोज एकत्र बसा, प्रत्येकाने मनातली एक काळजी मोकळेपणाने सांगा. सात वाजता बसलो. पहिला मान नानांचा.

"हे रोज करायचं आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग माझी काळजी तीच."

*

दुसऱ्या सभेत कामं वाटली. भांडी मी, केर मुक्ता, कपडे वाळत घालणं नाना. श्रीकांतने स्वतःच्या नावापुढे लिहिलं, 'देखरेख'.

आठवडाभर त्याने ती मन लावून केली. शेवटी मुक्ताने केरसुणी त्याच्या लॅपटॉपवर आणून ठेवली. "बाबा, आता हिच्यावर देखरेख कर."

*

मी शाळेत गणित शिकवते. रेंज फक्त ओट्यापाशी, त्यामुळे वर्ग तिथेच. अपूर्णांक समजावून घसा बसला, सगळी मुलं ढिम्म. "कोणाला काही विचारायचंय?"

एका मुलीने माइक सुरू केला. चला, एक तरी ऐकतेय!

"टीचर, चार शिट्ट्या झाल्या. आई म्हणते, वरण असेल तर गॅस बंद करा."

*

नाना दूध आणायला निघाले की मास्क हनुवटीवर.

"नाना, नाक झाका."

"नाकाने श्वास घेतात, सूनबाई."

"म्हणूनच झाका."

"पंच्याहत्तर वर्षं घेतोय. आजवर कोणी हरकत घेतली नव्हती."

*

आणि एवढं सगळ्यांच्या मागे लागून आजारी पडले कोण, तर मी. आतल्या खोलीत, दार बंद. चौथ्या दिवशी ऑक्सिजन ब्याण्णववर आला. डॉक्टर फोनवर म्हणाले, सकाळपर्यंत बघू, बेड कुठेच नाही. पुढे तो चढला, मी बरी झाले. पण त्या संध्याकाळी ते ठाऊक नव्हतं.

सात वाजता दाराबाहेर खुर्ची सरकली.

"नाना, लांब बसा हो. कितीदा सांगू?"

खुर्ची वीतभर मागे गेली. मग ते मोठ्याने पेपर वाचू लागले. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, नाना पेपर वाचतात ते निधनवार्तांपासून. नाव, वय, आणि वर शेरा, "काही वय नव्हे." त्या दिवशी अग्रलेख झाला, पाणीकपात झाली, राशिभविष्यसुद्धा झालं.

मी पडल्या पडल्या म्हटलं, "नाना, निधनवार्ता राहिल्या."

बाहेर पान उलटल्याचा आवाज आला.

"आज कोणी गेलेलं नाही," नाना म्हणाले. "कमाल तापमान, अडतीस."