चिंचोक्यांचं पानपत अन् एक राजीनामा

लढाईची गोष्ट सांगतो म्हणलं की तुम्ही सावरून बसता. तोफा पाह्यजे, घोडे पाह्यजे, रक्त पाह्यजे. तर पह्यलेच सांगून देतो, आमच्या मध्यप्रदेशातल्या बालाघाटातल्या लढाईत रक्त एकदाच निघालं. ते बी नकाशाले टाचणी लावता लावता, माह्या अंगठ्यातून.

पानपत आमच्या बैठकीतल्या टेबलावर होतं. मोठेबाबा, म्हणजे माह्या वडलांचे मोठे भाऊ, जंगल खात्यात नकाशे काढायचे. रिटायर झाल्यावर हात गप बसेना, म्हणून त्याईनं दक्षिणेपासून पार दिल्लीच्या वरपर्यंत नकाशा काढला अन् त्याच्यावर चौकोन आखले. एक चौकोन म्हणजे फौजेची एका दिवसाची चाल. मराठ्यांची पथकं चिंचोक्यांची. अफगाणांची उकव्याच्या खाणीतून आणलेल्या मँगनीजच्या काळ्या खड्यांची. अन् तीर्थ घडते म्हणून फौजेमागं निघालेले बायापोरं, त्याईच्यासाठी लाल गुंजा. दर चालीले पथकानं तांदळाचा एक दाणा खायचा. दाणे संपले की चिंचोके मरायले लागत.

अफगाणांकडून खेळायचे शेजारचे मास्साब. हिंदी शाळेतून रिटायर झालते. पण दोघांनी एका टेबलावर बसायचं नाही, असा मोठेबाबांचा नियम. "दुश्मन समोर बसून चहा पेतो का?" म्हणे. म्हणून मास्साबचा नकाशा भिंतीपलीकडं, त्याईच्या ओसरीत, अन् चाली चिठ्ठीवर. चिठ्ठ्या मी नेत होतो. अकरावीत होतो अन् मले एकच गोष्ट धड येत होती, नकला. चिठ्ठी मी नुसती देत नव्हतो, वाचून दाखवायचो. मास्साबची नाकातून, मधात खोकून. मोठेबाबांची शब्द चावून चावून. दोघं बी हसत.

मोठेबाबा कितीकदा घोडदळ घेऊन सुटले, पण गुंजा दरवेळी मागंच राहत. त्या डबीत भरताना ते एक एक मोजत. मोठी आई, म्हणजे त्याईची बायको, एकदा म्हणाली, "गुंजाच तर आहे."

"हौ," म्हणे, अन् डबी बंद केली.

मग मास्साबच्या पोराचं पत्र आलं. जबलपूरले या, एकटे कशाले राहता. गुरुवारच्या गाडीनं जायचं ठरलं. त्याच्या आधीचा रविवार म्हणजे शेवटचा डाव. मोठेबाबांनी सकाळपासून दोनदा टेबल पुसलं.

दुपारी गुंजा पानपतच्या चौकोनात अडकलेल्या अन् दाणे उरले सात. मास्साबनं माह्या हाती चिठ्ठी देल्ली. तिच्यात एकच शब्द होता, राजीनामा.

एका शब्दात काय मजा येणार? मी खुर्ची सरकवली, लांब खोकललो, अन् थकलेल्या मास्साबच्या आवाजात म्हणलो, "राजीनामा. बस, बड़े बाबू, अब जी नहीं लगता."

मोठेबाबा हसले नाहीत. त्याईच्या ऑफिसात राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. "चार दिवस राह्यले," म्हणे, "तेवढे बी बसवत नाही त्याले माह्यासंगं." नकाशाची गुंडाळी केली. "सांग, ठीक आहे."

मी पलीकडं जाऊन सांगतलं, "ठीक है बोले." मास्साब खुश झाले. कोरा कागद काढून सांजपर्यंत वाट पाहत बसले. इकडून कोणी गेलं नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. तिकडं मास्साब तोंड पाडून ट्रंक भरून राह्यलते, इकडं मोठेबाबा पेपरचं एकच पान वाचून राह्यलते.

"जाऊन या ना," मोठी आई म्हणे.

"त्याचं मन उठलं. मी काहून जाऊ?"

'जी नहीं लगता' हे वाक्य मी जोडलं होतं, अन् सांगायची हिंमत नव्हती. एकच येत होतं, तेच केलं. बुधवारी भिंतीआड उभं राहून नाकातून आवाज देल्ला, "बड़े बाबू, ज़रा नक्शा तो लगाइए." मग गल्लीतून फिरून मास्साबच्या खिडकीखाली जाऊन शब्द चावले, "मास्साब, आओ ना जी. नक्शा मांड दिया."

दोघं फाटकातच भेटले. मास्साब पह्यल्यांदा आमच्या टेबलाशी बसले.

"राजीनामा देने के बाद अब क्या खेलना?" मोठेबाबा म्हणाले.

"दिया कहाँ? मैंने तो माँगा था. शर्तें लिखने को काग़ज़ लिए शाम तक बैठा रहा."

"राजीनामा मांगते नहीं जी, देते हैं."

"कोर्ट-कचहरी में नहीं देखा? दोनों पक्ष राज़ी, तो राज़ीनामा. सुलह, आपकी भाषा में तह. मैं जा रहा हूँ, सोचा आपके ये लाल वाले घर भेज दूँ."

मोठेबाबांनी नकाशा पसरला अन् डबी उघडली. एक एक गुंज बोटानं सरकवत दिल्लीवरून खाली आणली, चंबळेपार, नर्मदेपार. सात दाणे वाटेतच संपले. मास्साबनं आपल्या वाटीतले टाकले.

शेवटची गुंज घरी पोचल्यावर मोठेबाबांनी नाक शिंकरलं. "पर जी नहीं लगता, ये तो तुमनेही बोला."

"मैंने? मैंने एक शब्द लिखा था. और आज बुलाया तो आपने."

"मैंने कब बुलाया?"

दोघांच्या माना संगंच माह्याकडं वळल्या.

"इकडे ये," मोठेबाबा म्हणाले. "चिठ्ठीत काय होतं?"

"एक शब्द."

"बाकीचं?"

"माह्यं."

"मग त्याच्या तोंडात काहून घातलं? तीन दिवस मी तेच ऐकून राह्यलतो. उद्या गाडी निघून गेली असती तर जन्मभर तेच ऐकलं असतं, अन् ते बी याच्याच आवाजात. कळते तुले?"

"और मेरी खाँसी इतनी लंबी है?" मास्साबनं विचारलं.

माह्यं तोंड जरासं हललं असेल.

"हसू नको," मोठेबाबा म्हणाले. "उद्या याची ट्रंक ठेसनापर्यंत तू नेशील, डोक्यावर. अन् तोंडातून आवाज नाही पाह्यजे. कोणाचाच."