आबांना द्यायचं तरी काय

ज्याला कुणीही काहीही देऊ शकत नाही असा माणूस जगात एकच आहे, आणि तो नेमका माझा सासरा आहे. इतरांच्या सासऱ्यांना शाल चालते, शर्टपीस चालतं, नुसता पेढ्यांचा डबा ठेवला तरी त्यांची कळी खुलते. आमचे आबा वस्तू हातात घेतात, उलटीसुलटी करून बघतात, "झकास हाय" म्हणतात, आणि दिवस मावळायच्या आत ती गावात दुसऱ्याच कुणाकडं तरी दिसते. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर होऊन त्यांनी पलूसजवळच्या आपल्या गावी ऊस आणि थोडी द्राक्षं लावली, पण डोक्यातलं फौजेचं स्टोअर काही बंद झालं नाही. आबा वस्तू देत नाहीत, ‘इश्यू’ करतात.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी साताऱ्यातली सगळी दुकानं पालथी घालून त्यांच्यासाठी स्वेटर घेतला. बायकोला म्हटलंसुद्धा, की आवड असावी तर अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच स्वेटर घालून शेजारच्या मळ्यातला गडी रात्रभर उसाला पाणी पाजून परत येताना दिसला. आबा शांतपणे म्हणाले, "रातच्या लाइटीला तो पाण्यात हुबा ऱ्हातो, मी गोधडीत असतो. मला रं कशाला?" हा ‘रं’ त्यांच्या तोंडून चुकून गेला असावा, कारण एरवी ते मला ‘जावईबापू’ आणि ‘तुमी’ असंच बोलतात. पुढच्या खेपेला फिरायला जाण्यासाठी बूट नेले. ते भरतीसाठी पहाटे डांबरीवरून पळणाऱ्या एका पोराच्या पायात गेले. "त्याला पळायचंय, मला कुठं पळायचंय?" मग मी इरेला पेटलो आणि हलवता येणार नाही अशी जड आरामखुर्ची टेम्पोत घालून पोचवली. दोन महिन्यांनी गावातल्या सलूनमध्ये दाढीला बसलो, तर खुर्ची ओळखीची वाटली. सासूबाई वैतागून म्हणाल्या, "आवं, जावयाचं मन तरी राखावं माणसानं." आबा म्हणाले, "मन राखलंय की. खुर्ची तेवढी पुढं धाडली."

बरं, माणूस कंजूष म्हणावा तर तसंही नाही. धोंड्याच्या महिन्यात लोक जावयाला अंगठी करतात. मीही बोट मोकळं ठेवून गेलो होतो. आबांनी माझ्या हातात पान्यांचा संच ठेवला. "तुमची गाडी दर खेपेला वाटंत बंद पडती. अंगठी घालून चालू हुईल काय?" मी आठ दिवस घुश्शात होतो. नवव्या दिवशी कराडच्या अलीकडं गाडी बंद पडली आणि माझा राग तिथंच रस्त्यावर उतरला.

अशात आबांचे कान गेले. आमचा मेहुणाही फौजेत, वर सरहद्दीकडं. त्याचा फोन रविवारी यायचा. आबा फोन कानाला गच्च धरायचे आणि काही ऐकू येत नसलं तरी "व्हय, व्हय" करत राहायचे. एकदा पोरानं रजा रद्द झाल्याचं सांगितलं. आबा म्हणाले, "लय बेस झालं." सासूबाईंनी फोन आपल्याकडं घेतला. खरा प्रकार त्यांनी नंतर पाटीवर खडूनं लिहून दाखवला. पुढच्या रविवारी फोन वाजल्यावर ते सरळ उठून गोठ्यात गेले. सासूबाईंकडून हे ऐकून मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली. लेकाचा आवाज हीच एक वस्तू त्यांनी आजवर कुणाला इश्यू केली नव्हती, आणि आता तीही हातची चालली होती.

आम्ही त्यांना सांगलीला नेलं, डॉक्टरांकडून कान तपासून मशीन बसवलं, आणि ते दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही अशी बायकोनं त्यांना स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. रविवारी मेहुण्याचा फोन आला. आबा अर्धा तास बोलले. फोन ठेवल्यावर त्यांनी उपरण्यानं चेहरा पुसला आणि "उकडाय लागलंय" म्हणाले. थंडीचे दिवस होते.

महिन्याभरानं आम्ही गेलो तर आबांचा कान मोकळा. "आबा, मशीन?" बायकोनं पाटीवर लिहून विचारलं.

"आज नामाकडं हाय."

नामाकाका म्हणजे शेजारी. त्यांचेही कान गेलेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. दोघांनी दिवस वाटून घेतले होते. रविवार तेवढा आबांचा ठरलेला.

"शपथ घातली होती ना?" बायकोनं लिहिलं.

"दिलं कुठंय? वाटून घेतलंय. फौजेत एका दुर्बिणीतनं आमी चौघं बघत हुतो."

डॉक्टरांनी ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता. मी पाटीवर लिहिलं, की नामाकाकांना वेगळं मशीन आणून देतो. आबांनी वाचलं आणि पाटी बाजूला ठेवली.

"आणा की. पण नुसत्या मशीननं काय हुतंय, जावईबापू? नामा दिवसभर कानात घालून बसतो. कुत्रं ऐकतो, डेअरीचा भोंगा ऐकतो. सांजच्याला मशीन माझ्या कानात घालतो आन म्हणतो, आज कोण बोललंच न्हाई." ते माझ्याकडं वळले. "तुमी एक करा. आठवड्यातनं एकदा त्याला फोन करत जावा."

इतक्या वर्षांत आबांनी माझ्याकडं काही मागितलं, ते हे एवढंच. मी खिशातला फोन काढून नामाकाकांचा नंबर टिपून घेतला.

आता मी दर बुधवारी फोन करतो. पहिल्या खेपेला काय बोलावं सुचेना, म्हणून मी मोठमोठ्यानं तब्येत विचारली. नामाकाका म्हणाले, "लय वरडू नका, येतंय ऐकू. जेवणात काय हुतं आज, ते सांगा." मी सांगितलं, तर त्यांनी भाजीला फोडणी कशाची इथपासून विचारलं. हल्ली त्यांना सांगायच्या गोष्टी मी आठवडाभर साठवून ठेवतो.

दोघांकडं आता आपापलं मशीन आहे. तरी बुधवारी माझा फोन आला, की नामाकाकांशेजारी बसलेले आबा आपलं मशीन काढून खिशात ठेवतात, असं सासूबाई सांगतात. एकदा सासूबाईंनी नंतर विचारलं, तर आबा म्हणाले, "त्याचा फोन हाय. आपण कशाला ऐकायचा?" आणि बोलणं संपेपर्यंत ते तिथंच, नामाकाकांच्या तोंडाकडं बघत बसून राहतात.