बारा नळ्या जास्त

घाटनांदूरकडच्या एका कापसाच्या जिनात मी इंजिनावर मिस्त्री होतो, ते मोगलाईचे दिवस. तिशी गाठली नव्हती, पण साऱ्या तालुक्याची अक्कल आपल्याच डोक्यात आहे असा माझा थाट होता. बॉयलरला बाभळीचं लाकूड गाड्यांनी लागे आणि निम्मी ऊब चिमणीतून निघून जाई. शेठ रोज वर बघून म्हणत, "मिस्त्री, माझं लाकूड आभाळात चाललंय."

मी मनावर घेतलं. धुराच्या वाटेत लोखंडी नळ्या बसवायच्या आणि बॉयलरचं गार पाणी त्यांतून तापवून आत सोडायचं. नळ्या किती, हाच प्रश्न होता. एक नळी बसवली, तिच्यातून घागरभर पाणी सोडलं आणि ते किती तापलं ते थर्मामीटरनं पाहिलं. मग तिच्यामागे दुसरी. मागच्या नळीला निवलेला धूर मिळतो, म्हणून ती कमी तापवते. चार दिवस डोकं खाजवून आकडा काढला, चोवीस. त्याहून जास्त घातल्या तर धूर इतका निवतो की चिमणीत चढतच नाही, हे माझ्या उस्तादांनी मला बजावलं होतं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

पण आमच्याकडे पायलीनं जोंधळे मोजताना वर शीग न ठेवणारा माणूस हलका समजतात. काठोकाठ मोजणं म्हणजे कद्रूपणा. मी चोवीस सांगताना वर चार सांगितल्या. लोहारानं आपल्या मनानं चार घडवल्या. शेठ म्हणाले, "एवढ्यात काय अडतंय? आणखी चार टाका." छत्तीस झाल्या. सगळे खूश होते आणि मीही होतो. बोलायला हवं होतं, पण मला मोठं दिसायचं होतं.

बॉयलरवर एक आगवाला होता, लाकूड घालणारा. पन्नाशीचा, पालीकडचा, शांत माणूस. मी त्याला मामा म्हणत असे. नव्या नळ्यांवर हळदकुंकू वाहून, नारळ फोडून त्यानं सकाळी आग पेटवली. आग धुमसू लागली. धूर वर जाईना, भट्टीच्या दाराच्या फटींतून बाहेर येऊ लागला. मी पाण्याच्या टाकीवर उभा होतो. तिथूनच ओरडलो, "मामा, दार उघडून बघा, आग हाय का इझली!"

त्यानं दार उघडलं. आत कोंडलेल्या धुराला वारा मिळाला आणि भडका थेट त्याच्या तोंडावर आला.

शेठनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "दार एकदम उघडलं, त्यानं झालं." शब्द खोटा नव्हता, म्हणूनच तो माझ्या तोंडून सहज निघाला. नंतर काजळी काढायच्या निमित्तानं मी बारा नळ्या उपसल्या. धूर सरळ वर गेला, लाकूड वाचू लागलं. शेठनी चारचौघांत माझ्या डोक्याला फेटा बांधला. आतून मला मन खात होतं.

महिन्यानं पालीला गेलो. मामा ओसरीवर बसला होता. पट्ट्या काढल्या होत्या. डोळे उघडे होते, पण माझ्या आवाजाकडे वळेपर्यंत ते भलतीकडेच बघत होते. त्याच्या बायकोनं पाणी दिलं.

"मिस्त्री, आता धूर नीट वर जातुया न्हवं?" मामानं विचारलं.

"जातोय."

"मंग आमचंच चुकलं बगा. तुमी नुस्तं बगा म्हनलात, म्या घाई केली. जरा बाजूला सरून दार हळू उघडाया पायजे व्हतं. तुमी लई मेहनत केलती, तिला माज्यामुळं गालबोट लागलं."

त्याची बायको माझ्याकडे बघत होती. तांब्या माझ्या हातात तसाच होता.

"हं," मी म्हणालो, "जरा हळू उघडायला हवं होतं."