उपवासाच्या दिवशी राहून गेलेल्या गोळ्या

डॉक्टरांनी कानापुढे गालावर हलकी टिचकी मारली आणि माझा ओठ आपोआप उडाला. पुन्हा मारली, पुन्हा उडाला. मला हसू येणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून जिरलं. रक्ताचा रिपोर्ट टेबलावर होताच. कॅल्शियम फार खाली, फॉस्फरस वर. "हायपोपॅराथायरॉइडिझम," ते म्हणाले.

एवढा लांबलचक शब्द ऐकूनच माणूस अर्धा होतो. त्याचा अर्थ असा की गळ्यात थायरॉइडच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांचं हार्मोन रक्तातलं कॅल्शियम टिकवतं आणि जास्तीचं फॉस्फरस लघवीवाटे बाहेर काढतं. गाठीमुळे माझी थायरॉइड नुकतीच काढली होती, त्यात या चौघींना धक्का बसला होता. कधी त्या सावरतात, कधी नाही, असं डॉक्टर म्हणाले.

ओठांना मुंग्या येत होत्या, पण मी ते अशक्तपणावर ढकललं होतं. मुकुंदवाडीहून बिडकीनला कंपनीच्या बसने जाताना दांडी धरलेली बोटं सुटेनात, तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या, रोज जेवणासोबत, कारण त्या अन्नातलं फॉस्फरस पोटातच बांधून ठेवतात. जोडीला कॅल्सिट्रिऑल, म्हणजे तयार व्हिटॅमिन डी. साध्या डीला किडनीत तयार व्हायला ते हार्मोन लागतं, आणि तेच माझ्याकडे नव्हतं.

जाता जाता डॉक्टर म्हणाले, कॅल्शियम फारच उतरलं तर घशाचे स्नायू आवळू शकतात, तेव्हा गोळी चुकवू नका. मी त्यातलं पहिलं अर्धं तेवढं घरी आणलं. पाण्याचा घोट घेतानाही भीती वाटायची. आंघोळीला गेले तरी कडी लावत नव्हते. नवरा बाहेरून हाका मारत उभा, आणि ओ द्यायला उशीर झाला की दार ढकलून आत.

पिशोरहून आई आली. मार्गशीर्षातले गुरुवार ती लग्न झाल्यापासून धरते. "तू बी धर," ती म्हणाली. "लई कडक हाय देवी, पर सांभाळती." घाबरलेला माणूस काहीही धरतो. मीही धरले.

गोळ्या जेवणासोबतच्या. उपवासाला संध्याकाळच्या नैवेद्यापर्यंत जेवण नाही, मग गोळ्याही नाहीत. कॅल्सिट्रिऑल त्याच डबीत, म्हणून तेही राहिलं. इतकं सरळ होतं ते, की तिघांपैकी एकालाही खटकलं नाही. वर आईने पेल्यामागून पेले दूध पाजलं, त्यात कॅल्शियम असतं म्हणून. फराळाला भगर आणि शेंगदाण्याची आमटी होतीच. दुधात आणि शेंगदाण्यात फॉस्फरसही भरपूर असतं, आणि ते वाढलं की कॅल्शियम आणखी उतरतं, हे आम्हाला कुठलं ठाऊक?

पहिल्या गुरुवारी ओठ बधिर झाले. उपवासामुळे असेल, म्हटलं. दुसऱ्या गुरुवारी कलशाला हार घालताना दोन्ही मनगटं आत वळली, अंगठे तळव्यात शिरले. पाय ताठले. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईने हात जोडले. तिला वाटलं, माझ्या अंगात आलं. मला सगळं दिसत होतं, बोलता येत नव्हतं. मी मरणार, एवढंच डोक्यात होतं.

दवाखान्यात हृदयाचे ठोके बघायला छातीला तारा लावून शिरेतून कॅल्शियम दिलं, अगदी हळूहळू. अंगभर ऊब पसरली. एकेक बोट सुटत गेलं, तशी मी रडायला लागले. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधी चुकल्या? नवऱ्याने गुरुवारचं सांगितलं. उपवास बंद आणि दूध मापात, ते म्हणाले. आवाज चढवला नाही. दाराशी उभी आई एवढंच पुटपुटली, "म्याच पाजलं व्हय तिला."

हा आजार असलेल्यांना माझं सांगणं आहे. उपवास असो, रोजा असो, आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या मनाने कमी करू नका आणि घाबरून वाढवूही नका, जास्त कॅल्शियमने मुतखडे होतात. म्हणून रक्ताबरोबर लघवीही तपासावी लागते. माझ्या ग्रंथी अजून सावरलेल्या नाहीत. ओठांना मुंग्या आल्या की आजही छाती धडधडते.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी मी एकटीच जेवायला बसले. आईने माझ्यासमोर आपलंही ताट वाढून घेतलं. मी म्हटलं, अगं, तुझा उपवास आहे.

"देवीचं म्या बघीन. तू गोळी घे."

तिने भाकरी मोडली आणि माझ्या आधी घास तोंडात घातला. मग माझ्या गळ्याकडे बघत बसली. गोळी खाली उतरेपर्यंत तिने दुसरा घास घेतला नाही.